खैरलांजीहून नागपूर : विद्यापीठाच्या शहरात शनिवार-रविवार कसा काढायचा

खैरलांजी (जि. बालाघाट) : खैरलांजी, रामपायली, कटंगी, वारासिवनी या पट्ट्यात कोणी "घरचे नागपूरला गेले" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कोण भरती आहे?" नागपूर म्हणजे मेडिकल, नागपूर म्हणजे एमआरआय, नागपूर म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. त्याखालोखाल पोराच्या नाहीतर पोरीच्या ॲडमिशनसाठी मारलेली चक्कर. सकाळी जायचं, रांगेत उभं राहायचं, रात्री परत यायचं. मेडिकल चौकाच्या पलीकडचं शहर न बघताच आयुष्य गेलेली माणसं या तालुक्यात गावोगावी सापडतील.

वास्तविक नागपूर हे बालाघाटवाल्यांसाठी परकं शहर नव्हेच. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये तयार झाला तो याच प्रांतात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बावनथडी नदी काही हलली नाही, फक्त तिच्या अलीकडचे-पलीकडचे साहेब बदलले. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं या भागाची कचेरी, कोर्ट आणि पुढे कॉलेज हे सारं नागपूरच्याच नावानं चालायचं.

म्हणून एकदा तरी दवाखान्याची फाईल घरी ठेवून, दोन दिवस काढून हे शहर पाहावं. त्यासाठी लागणारी माहिती खाली दिली आहे.

विद्यापीठ आणि आपला भाग

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. सुरुवातीला सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी होते. आजच्या हिशेबानं एखाद्या तालुक्याच्या कॉलेजाएवढा हा आकडा, पण तेव्हा अख्ख्या मध्य प्रांताचं विद्यापीठ ते हेच. जबलपूरचं रॉबर्टसन कॉलेजसुद्धा याच्याच खाली होतं. सध्या त्याचं नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. हे नाव २००५ मध्ये दिलं गेलं.

विद्यापीठाच्या आधीपासून शहरात कॉलेजं होती. स्कॉटिश मिशनऱ्यांचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होतेच, पण दगड, जीवाश्म आणि गोंडांची माहिती गोळा करण्याचा त्यांना नाद होता. मॉरिस कॉलेजाला आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाज विज्ञान संस्था म्हणतात. नागपूरकर मात्र अजूनही मॉरिसच म्हणतात. हिवाळी अधिवेशनात मोर्चे अडवतात तो "मॉरिस कॉलेज टी-पॉइंट" टीव्हीवर बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

या कॉलेजांतून कोण कोण गेलं त्याची यादी मोठी आहे. इथं दोघांची नावं पुरेत. मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिसमध्ये शिकले, नागपूरच्याच लॉ कॉलेजात त्यांनी शिकवलं, पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९५६ मध्ये हायकोर्ट जबलपूरला गेलं तसे तेही मध्य प्रदेशाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून तिकडे गेले, आणि शेवटी भारताचे सरन्यायाधीश झाले. बालाघाटच्या जुन्या जमिनीच्या खटल्यांचे कागद ज्या वाटेनं नागपूरहून जबलपूरला गेले, त्याच वाटेनं हा माणूस गेला. दुसरे हरिसिंह गौर. ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर १९४६ मध्ये त्यांनी आपल्या कमाईतून सागर विद्यापीठ उभं केलं आणि प्रांताच्या हिंदी भागातली कॉलेजं तिकडे वळली. बालाघाटचा विद्यार्थी पुढे सागर, मग जबलपूर आणि आता छिंदवाडा अशा विद्यापीठांची नावं पदवीवर घेत राहिला. नागपूर सर्वांत जवळ असूनही मधे राज्याची सीमा आली.

आणखी एक धागा मँगनीजचा आहे. अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे एलआयटी, १९४२ मध्ये सुरू झाली ती कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून. रक्कम सुमारे ३५ लाख रुपये, तीही १९३० च्या सुमाराची. हा पैसा आला होता मँगनीजच्या खाणींमधून. भरवेली, उकवा, तिरोडी इथं ज्यांच्या घरातलं कोणी खाणीत राबलं आहे त्यांना मँगनीज म्हणजे काय हे सांगायला नको. याच दगडाच्या जोरावर नागपुरात केमिकल इंजिनिअरिंगची एवढी मोठी संस्था झाली. २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. तिरोडी, भरवेलीच्या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे, काटोल रोडवर.

कोणता शनिवार-रविवार निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एवढं सांगितलं तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन तेव्हा जाणं म्हणजे परत दवाखान्याचीच पाळी.

दोन वेळा टाळाव्यात किंवा मुद्दाम धराव्यात, ज्याचं त्यानं ठरवावं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा लॉज, हॉटेलं भरलेली असतात, भाव चढलेले असतात, सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी पोलिसांचे अडथळे असतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. बालाघाट जिल्ह्यातूनही दरवर्षी गाड्या भरून जातात. ज्यांना धम्मचक्र प्रवर्तन दिनालाच जायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी, पण निवांत शहर बघायला जाणाऱ्यानं तो आठवडा सोडून द्यावा.

संत्र्याचा हंगाम साधायचा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहार येतो आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहार. खाणाऱ्यांमध्ये मृगाच्या फळाला मान जास्त.

सोमवार धरून तीन दिवसांचा बेत करू नये. अजब बंगला आणि महाराजबाग दोन्ही सोमवारी बंद असतात. शुक्रवारी निघून रविवारी परत, हाच हिशेब बरा.

जायचं कसं

आपल्या गाडीनं जाणाऱ्यांना बावनथडी ओलांडून बपेरा, सिहोरा, तुमसर हा रस्ता सोयीचा. तुमसरहून पुढे दोन वाटा फुटतात. एक भंडाऱ्यावरून राष्ट्रीय महामार्गानं, दुसरी रामटेक-मनसरवरून. वेळ साधारण सारखाच लागतो, घरून तीन तासांच्या आसपास. जाताना भंडारा आणि येताना रामटेक असं केलं तर एकाच फेरीत दोन्ही होतं. गाडीची कागदपत्रं, विमा आणि पीयूसी सोबत असू द्यावं. एमपी पासिंगची गाडी दिसली की नागपुरात थांबवतात अशी तक्रार ऐकू येते. कागद पूर्ण असले म्हणजे थांबवलं तरी पाच मिनिटांत सुटका होते.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी तिरोडा, तुमसर रोड किंवा गोंदिया. तिन्ही हावडा-मुंबई मार्गावर आहेत. तुमसर रोड स्टेशन तुमसर गावात नाही, देव्हाडीला आहे, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं. तुमसर टाउन हे वेगळं स्टेशन, तिरोडीच्या फाट्यावरचं. तुमसर रोडहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर, गोंदियाहून सुमारे १३०. गोंदियाहूनच सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस या दोन गाड्यांत जागा मिळण्याची शक्यता जास्त. लोकल गाड्या पुष्कळदा मुख्य स्टेशनात न जाता इतवारीलाच थांबतात. त्या स्टेशनाचं आताचं पूर्ण नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी असं आहे, म्हणून मोबाइलवर तिकीट काढताना "नागपूर" शोधून ती गाडी दिसली नाही तर घाबरू नये. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी पाहावंच. या मार्गावर मालगाड्यांचा भार मोठा आहे आणि पॅसेंजर उशिरा धावणं नेहमीचं झालं आहे.

बसचं म्हणाल तर मध्य प्रदेशाचं परिवहन महामंडळ कधीच गुंडाळलं गेलं, त्यामुळे आपल्या बाजूनं खासगी बसच. तुमसरला उतरून महाराष्ट्राची लाल परी धरता येते. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ती महाराष्ट्राच्या हद्दीतल्या प्रवासासाठी आहे. तीन-चार बायका मिळून निघाल्या तर तुमसरहून एसटीचा हिशेब खासगी बसपेक्षा नक्की स्वस्त पडेल. आधार कार्ड जवळ असू द्यावं.

एक बारीकशी गोष्ट. मोबाइलच्या नकाशात नुसतं "खैरलांजी" टाकलं तर भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं खैरलांजीही समोर येतं. २००६ च्या हत्याकांडामुळे देशभर माहीत झालेलं गाव ते. नागपुरात कोणी गावाचं नाव विचारलं की पुढचा प्रश्न त्याबद्दलच येतो. भाड्याची गाडी बोलावताना "जिल्हा बालाघाट" हे दोन शब्द जोडायला विसरू नये, नाहीतर ड्रायव्हर भलत्याच गावी जाऊन उभा राहील.

शहरात फिरायला मेट्रो

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. दोन मार्ग आहेत. एक उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. दुसरा पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. भंडारा रोडनं बसमध्ये येणाऱ्यानं पारडीच्या बाजूला उतरून प्रजापती नगरहून मेट्रो धरली तर शहरातली गर्दी वाचते. रेल्वेनं येणाऱ्यांना संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडलं की मेट्रोचं स्टेशन आहे. लहान मुलांना तर हा प्रवास हीच निम्मी सहल वाटते, आणि खर्चही ऑटोच्या तुलनेत किरकोळ.

राहायला सीताबर्डी, म्हणजे बोलण्यातली "बर्डी", किंवा त्याला लागून रामदासपेठ, धंतोली बघावं. मेडिकल चौकाजवळ खोल्या स्वस्त मिळतात, पण त्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी असतात आणि तिथलं वातावरण सहलीचं नाही. दोनशे-चारशे रुपयांसाठी तिथं उतरू नये.

शनिवार : अजब बंगला आधी

सकाळी पोह्यांपासून सुरुवात करावी. कस्तूरचंद पार्कच्या भागात तर्री पोह्यांच्या टपऱ्या लागतात. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री. बालाघाटच्या माणसाला तिखटाची भीती नाही, तरी पोरांसाठी तर्री वेगळी मागून घ्यावी.

तिथून जवळच मध्यवर्ती संग्रहालय आहे. ऑटोवाल्याला "मध्यवर्ती संग्रहालय" सांगितलं तर तो विचारात पडेल, "अजब बंगला" म्हणावं. १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात ते सुरू झालं. मेट्रोचं झिरो माइल स्टेशन जवळचं. साधारण सकाळी दहानंतर उघडतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत असतं, म्हणून हे काम दिवसाच्या शेवटावर टाकू नये.

बहुतेक लोक इथं पेंढा भरलेले वाघ-अस्वलं आणि भोसल्यांच्या तलवारी बघून अर्ध्या तासात बाहेर येतात. बालाघाटवाल्यांनी तसं करू नये, कारण आपल्या जिल्ह्यातला फार मोठा ऐवज इथल्या इतिहासाशी जोडलेला आहे. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी जमिनीतून तांब्याचा एक साठा निघाला. त्यात ४२४ तांब्याच्या वस्तू होत्या, बहुतेक कुऱ्हाडी, आणि १०२ चांदीचे पत्रे. तांब्याचंच वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटल. भारतात एका ठिकाणी सापडलेल्या तांब्याच्या साठ्यांत याच्या तोडीचा दुसरा नाही असं पुरातत्त्वाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. लोखंड सर्रास वापरात येण्याआधीच्या काळातल्या या वस्तू मानतात. त्यातल्या काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही नागपूरच्या संग्रहालयात आल्या. चांदीचे पत्रे बैलाच्या शिंगांसह डोक्याच्या आकाराचे आणि तबकडीसारखे गोल आहेत. ते कशासाठी केले असावेत यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दालनं दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात आणि वस्तू इकडच्या तिकडे होतात, म्हणून आत शिरताच "गुंगेरियाची भांडी-कुऱ्हाडी कुठं ठेवली आहेत" असं विचारून घ्यावं. कर्मचाऱ्यांना असे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि विचारणारा बालाघाटचा निघाला तर तेही जरा हौसेनं दाखवतात.

दुसरी गोष्ट ताम्रपटांची. वाकाटक राजांचे ताम्रपट बालाघाट जिल्ह्यात सापडले आहेत. त्यातला एक दुसऱ्या प्रवरसेनाचा, तिरोडीला सापडलेला. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीचा जमिनीच्या दानाचा कागद, फक्त तांब्यावर कोरलेला. हे सारे लेख वाचून, लावून १९६३ मध्ये एका जाड ग्रंथात छापले ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी, जे मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत असत. तिरोडीचं नाव जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत पोचलं ते या नागपूरच्या प्राध्यापकामुळे, आणि तिरोडीच्या शाळेत मात्र ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतं.

संग्रहालयातून निघाल्यावर झिरो माइलचा दगड पाहून घ्यावा. १९०७ चा वाळूच्या दगडाचा खांब आणि शेजारी चार घोडे. हा देशाचा मध्यबिंदू आहे असं सांगतात. इंग्रजांनी जमीन मोजणीसाठी रोवलेला दगड, एवढं मात्र पक्कं. फोटो काढायला दहा मिनिटं पुरे.

मग महाराजबाग. हे भोसल्यांच्या काळचं उद्यान, आता कृषी महाविद्यालयाकडे असलेलं प्राणिसंग्रहालय. मुलं सोबत असतील तर इथं दुपार निघून जाते. नसतील तर त्याच भागात विद्यापीठाची जुनी प्रशासकीय इमारत आणि दीक्षांत सभागृह आहे, ते बाहेरून पाहावं. सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाची इमारतही आहे. हेन्री मेड या वास्तुविशारदानं बांधलेली आणि १९४० मध्ये उघडलेली. घरात जुने निकालपत्र जपून ठेवणारे आजोबा असतील तर त्यांना ही इमारत दाखवावीच. त्या कागदांच्या डोक्यावर "नागपूर" छापलेलं असतं ते का, हे नातवंडांना तिथं उभं राहून सांगता येतं.

सीताबर्डीचा किल्ला समोरच दिसतो, पण लष्कराकडे असल्यामुळे आत सोडत नाहीत. वर्षातून तीनच दिवस, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, तो लोकांसाठी उघडतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथंच इंग्रज आणि अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची लढाई झाली. २६ जानेवारी शनिवार-रविवारला लागून आली तर तो बेत सोडू नये.

संध्याकाळ बर्डीवर. खरेदी करायची असेल तर कापड, सराफा, ठोक माल इतवारीत. बर्डीवर कपडे, चपला आणि जुनी पुस्तकं. कॉलेजच्या पोरांसाठी स्पर्धा परीक्षांची, इंजिनिअरिंगची वापरलेली पुस्तकं इथं निम्म्या भावात मिळून जातात. मराठी पुस्तकं बालाघाटात मिळत नाहीत ही नेहमीची रड, ती इथं भागते. रात्री सावजी. हलबा कोष्टी समाजाच्या घरातून आलेलं हे जेवण जवसाच्या वाटणाचं आणि तेलाच्या तवंगाचं. पोट नाजूक असेल त्यानं भाकरी जास्त आणि रस्सा कमी असं करावं.

रविवार : एक निवडा

रविवारी दोन वाटा आहेत आणि दोन्ही एका दिवसात होत नाहीत.

पहिली वाट शहरातच. सकाळी दीक्षाभूमी, मेट्रोचं जवळचं स्टेशन रहाटे कॉलनी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा स्तूप २००१ मध्ये खुला झाला. आवारातच १९६४ पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे आणि त्याचं नाव शहरातल्या चांगल्या कॉलेजांत घेतलं जातं. त्यानंतर अमरावती रोडनं विद्यापीठाचा महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर, त्याच बाजूला एलआयटी, आणि दिवस कलला की फुटाळा तलाव. बारावीला असलेल्या मुलीला घेऊन आलेल्या आईबापांनी ही वाट धरावी. कॉलेज कसं असतं, पोरी कशा ये-जा करतात, वसतिगृह किती लांब, हे कागदावर कळत नाही. वाटेत एलएडी चौक लागतो. एलएडी हे मुलींचं जुनं आणि नावाजलेलं कॉलेज आहे.

दुसरी वाट परतीच्या रस्त्यावरची, रामटेक. आपली गाडी असेल तर हीच बरी. गडावर रामाचं मंदिर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच टेकडीवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटक काळातली दोन लहान देवळं आहेत, त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखे लोक पुढे जातात. खाली नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिरोडीचा ताम्रपट देणाऱ्या राजाचं घर इथलं. कालिदासानं मेघदूतातला रामगिरी हाच मानला असं मिराशींसह बऱ्याच विद्वानांचं म्हणणं, म्हणून गडावर कालिदासाचं स्मारक आहे आणि गावात १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. माकडांपासून पिशव्या सांभाळाव्या.

ॲडमिशनचं काम असेल तर

सहल आणि कागदाचं काम एकत्र करायचा मोह होतो. करायचंच असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत नागपुरात पोचावं. शनिवारी खिडकी उघडी मिळेल यावर विसंबू नये.

बालाघाटच्या मुलांची इथं सर्वांत जास्त फसगत होते ती सीमाभागाच्या सवलतीवरून. महाराष्ट्राच्या सीईटीच्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा गट आहे हे खरं. पण तो महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागासाठी आहे, बेळगाव-निपाणीकडच्या गावांसाठी. घरी मराठी बोलतो, गाव सीमेवर आहे, तरी बालाघाटच्या विद्यार्थ्याला तो गट लागू होत नाही. एजंट "सीमाभागातून करून देतो" म्हणत असेल तर तिथंच उठावं.

मध्य प्रदेशाचा रहिवासी दाखला असलेला विद्यार्थी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग, मेडिकलच्या प्रवेशात राज्याबाहेरचा धरला जातो आणि त्याला अखिल भारतीय गटातल्या जागांवर प्रयत्न करावा लागतो. मध्य प्रदेशात काढलेल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातलं आरक्षण मिळत नाही. पवार, लोधी, कुणबी, महार या जाती दोन्हीकडे असल्या तरी दाखला कुठल्या राज्याचा हे पाहिलं जातं. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्यांचा, किंवा आई-वडिलांपैकी एकाकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असलेल्यांचा हिशेब वेगळा असतो. मात्र आईचं माहेर तुमसरचं आहे एवढ्यानं काम होत नाही, दाखला हातात लागतो. नेमके नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. तीच वाचावी, गावातल्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नये.

बीए, बीकॉम, बीएस्सी अशा साध्या पदवीला वाट बरीच सोपी आहे. एमपी बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, टीसी आणि मूळ गुणपत्रिका लागतात, आणि कॉलेजमार्फत विद्यापीठाकडून पात्रता तपासली जाते. मायग्रेशन मिळायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागताच त्याचा अर्ज करून ठेवावा. जूनच्या शेवटी धावपळ करणारे बहुतेक याच एका कागदावर अडकलेले असतात.

परतीचं

रविवारी संध्याकाळी नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी फार, आरक्षण आधीच करून ठेवावं. तुमसर रोडला रात्री उतरल्यावर खैरलांजीकडे वाहन मिळणं कठीण, तेव्हा एक तर दुपारच्या गाडीनं निघावं किंवा गावातल्या गाडीवाल्याला देव्हाडीला बोलावून ठेवावं. संत्रा बर्फी घ्यायची असेल तर ती बर्डीवरूनच घ्यावी, स्टेशनवरच्या खोक्यांची तारीख बघायला उजेडही नसतो आणि वेळही. आपल्या गाडीनं रामटेकवरून येणाऱ्यांनी चार वाजता गड उतरावा. रामटेक-तुमसर रस्त्यावर संध्याकाळी धानाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या बिनलाइटच्या चालतात, आणि तोडणीच्या दिवसांत बपेऱ्यापर्यंत त्यांची साथ सुटत नाही.